चांदबी बाईंची चौदा कार्डं

पाथर्डी तालुक्यातल्या उंबरदरा वस्तीवर शाळेची हजेरी घ्यायची एक वेगळी रीत आहे आणि ती चांदबी बाईंनी पाडलेली आहे. दिवाळी झाली की वस्तीतली निम्मी घरं ऊसतोडीला निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार भरायचा, लेकरं वर बसवायची आणि संगमनेरकडच्या कारखान्याची वाट धरायची. एकतीस पोरांच्या पटातली चौदा पोरं अशी एका आठवड्यात वर्गातून उठून जातात. पण बाई त्यांची नावं गाळत नाहीत. रोज सकाळी एकतीसच्या एकतीस नावं मोठ्यानं घेतात, आणि गेलेल्या पोराचं नाव आलं की मागं राहिलेली पोरं एका सुरात सांगतात, "कारखान्याला, बाई." मग बाई त्या नावापुढं गैरहजेरीची खूण करतात आणि पुढचं नाव घेतात.

बाहेरच्या माणसाला हा पोरखेळ वाटेल. पण दोन शिक्षकांच्या शाळेत एकोणीस वर्षं काढलेली बाई कशाला जीव लावून बसेल याचा नेम नसतो. चांदबी दाऊद शेख, वय चोपन्न, राहणार पाथर्डी. रोज सकाळी स्कूटीवर घाट चढून शाळेत हजर. आवाज असा की वर्गात पाढे म्हणून घ्यायला लागल्या की खालच्या शेतातली बाई खुरपं थांबवून ऐकते. पोरांवर हात कधी उगारला नाही, पण त्यांनी नुसतं चष्म्यावरून बघितलं तरी पोरं गृहपाठ काढून समोर धरतात. बाईंना एकच गोष्ट सोसत नाही, ती म्हणजे पटावरचं नाव कमी करणं. कुणी शाळा सोडल्याचा दाखला मागायला आलं की त्यांना नेमका शिक्का सापडत नाही, शाई वाळलेली असते, नाहीतर कपाटाची किल्ली घरी राहिलेली असते. दुसरे शिक्षक सुनील सर तरुण आहेत. ते हे सगळं बघून गालातल्या गालात हसतात आणि गप्प बसतात.

या नावं जपण्याच्या पायीच बाईंची शाळा बुडायला आली होती.

झालं असं. गेल्या वर्षी फेब्रुवारीत तालुक्यातल्या सगळ्या शाळांची तपासणी झाली. कुठल्या पोराला वाचता येतं, कुणाला वजाबाकी जमते, कुणाला भागाकार, हे साहेब लोकांनी पोर समोर बसवून बघायचं आणि त्यावर शाळेची यादी ठरायची. हिरवी यादी म्हणजे उत्तम, पिवळी म्हणजे चालण्यासारखी आणि लाल यादीत आली ती शाळा गोत्यात. गुण पटावर धरायचे असा नियम होता. पटावर एकतीस नावं आणि वर्गात सतरा पोरं. सतरा पोरांनी झकास वाचून दाखवलं, पण राहिलेल्या चौदांपुढं चौदा शून्यं पडली. उंबरदऱ्याची शाळा लाल यादीत खालून तिसरी आली.

मार्चच्या शिक्षण परिषदेत ती यादी भर सभागृहात वाचून दाखवली. बाई दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. शाळेचं नाव आल्यावर मागं कुणीतरी हळूच काहीतरी बोललं आणि बाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आठवड्यानं नोटीस आली. पुढच्या फेब्रुवारीतही शाळा लाल यादीत दिसली तर शिक्षकांची वेतनवाढ थांबेल आणि ही शाळा घाटाखालच्या मोठ्या गावच्या शाळेत विलीन होईल, असं तिच्यात लिहिलं होतं. सरकारी कागदावर विलीन हा शब्द फार सोज्वळ दिसतो. उंबरदऱ्यात त्याचा अर्थ एवढाच होता की सहा वर्षांच्या पोरानं जाऊन येऊन नऊ किलोमीटर घाट तुडवायचा आणि पोरगी असेल तर तिनं घरीच बसायचं. वेतनवाढ गेली असती तर बाईंनी चार दिवस कुरकुर करून विषय सोडला असता. पण वर्गाला कुलूप लागेल या विचारानं त्यांचा घास घशाखाली उतरेना.

नोटिशीची बातमी वस्तीत पसरली आणि मच्छिंद्र पेटला. मच्छिंद्र म्हणजे शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष. त्याच्या शेळ्या आहेत, तो तोडीला जात नाही आणि त्याचा ओम तिसरीत होता. त्यानं मारुतीच्या पारावर बैठक बोलावली. तोडीची माणसं नुकतीच परतली होती, त्यामुळं पार भरला. मच्छिंद्रचं म्हणणं असं की पोरं गावात नसताना परीक्षा घेणारे साहेबच येडे हायत, उद्याच तालुक्याला मोर्चा काढू. सगळ्यांनी माना हलवल्या. बाईंनी फक्त गप्प बसायचं होतं, म्हणजे सगळा दोष साहेबांच्या पदरात पडला असता आणि बाई वस्तीच्या लेखी बिचाऱ्या ठरल्या असत्या.

पण बाई उठल्या, शाळेत गेल्या आणि कपाटाच्या तळातून, जुन्या नकाशांच्या खालून सुतळीनं बांधलेला एक गठ्ठा घेऊन आल्या. तो त्यांनी पारावर सगळ्यांच्या पुढ्यात ठेवला.

"साहेबांना बोल लावू नका," बाई म्हणाल्या. "ही कार्डं तोडीला जानाऱ्या लेकरांसाठी आल्याली हायत. कार्ड दाखवलं की कारखान्याजवळची शाळा लेकराला बसवून घेती, तिथंच परीक्षा घेती, अन् गुण आपल्या शाळेला येत्यात. सहा वर्षं मी ती कपाटात ठिवली. चूक माझी हाय."

सहा वर्षांपूर्वी गठ्ठा आला तेव्हा बाईंनी त्यातलं पहिलं कार्ड दुसरीतल्या निकिताला दिलं होतं. मोठी गोड पोरगी, कविता म्हणताना डोळे मिटायची. राहुरीकडच्या एका शाळेनं तिला बसवून घेतलं आणि पुढं तिथल्या पटावर कायमचं घेऊन टाकलं. आईबापांनाही तिकडंच काम मिळालं, निकिता परत आली नाही. वीसच्या आत पट गेला की शाळा राहत नाही, असं तेव्हा जो तो बोलत होता. चौदाजण असे गेले तर पटावर सतराच उरतील, हा हिशेब बाईंच्या डोक्यात पक्का बसला. कुणी कार्डाचं विचारलं तर बाई म्हणायच्या, कशाला, हरवून बसाल, चार महिन्यांचा तर प्रश्न हाय, आली की मी घेते करून. आणि खरंच घ्यायच्या. एप्रिल-मेच्या उन्हात दोन-दोन वेळा वर्ग भरवून चौदा पोरांचं राहिलेलं सगळं भरून काढायच्या. त्यामुळं आपण पोरांचं काही बुडवतो आहोत असं त्यांना कधी वाटलंच नाही. पोरं चार महिने कोपीपुढं, म्हणजे उसाच्या पाल्याच्या झोपडीपुढं, बसून धाकट्या भावंडांच्या नाकावरच्या माश्या वारतात, हे ठाऊक असूनही त्यांनी त्यावर विचार करायचं टाळलं होतं.

मच्छिंद्रचा मोर्चा जागच्या जागी बसला. मग कडूबाई उठली. तिचा एक नातू आणि एक नात त्या चौदांतली. तिनं गठ्ठ्याची सुतळी सोडली, वरचं कार्ड उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाली, "मंग आता द्या की. कपाटात ठिवून काय त्यांना पालवी फुटनार हाय?" पार हसला. बाईही हसल्या आणि हसता हसताच त्यांनी पदरानं डोळे पुसले.

त्या दिवाळीत बाईंनी चौदा कार्डं स्वतःच्या हातानं भरली. नुसतं नाव आणि नंबर लिहून त्यांचं समाधान होईना. कोण उतारा वाचतो, कोण जोडाक्षराला अडखळतो, कुणाला ओरडलं तर दिवसभर बोलत नाही, हे सगळं त्यांनी मागच्या कोऱ्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं. चौथीतल्या संस्कृतीच्या कार्डावर लिहिलं, वाचन उत्तम, भागाकार कच्चा, धाकट्या भावामुळे शाळा बुडते. संस्कृतीची आई मुक्ताबाई कार्ड न्यायला आली तेव्हा बाईंनी तिला बजावलं की कार्ड रेशन कार्डाच्या पिशवीतच ठेव. मुक्ताबाईनं मान हलवली. ती जन्मात कधी शाळेच्या फाटकाच्या आत आली नव्हती, त्या दिवशीही बाहेरच उभी राहिली होती. ट्रॅक्टर निघताना बाई रस्त्यावर आल्या आणि सगळ्यांना सांगून बसल्या की काही झालं तरी नाव इथनं काढू देऊ नका. ट्रॅक्टर वळणाआड गेल्यावर मात्र त्यांचे हात मोकळे मोकळे झाले आणि ते कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना.

डिसेंबरातला एक दिवस रजा टाकून बाई नवऱ्याला घेऊन संगमनेरला गेल्या. दाऊदभाईंचं पाथर्डीत पंक्चर काढायचं दुकान, ते एक दिवस बंद ठेवून ते दोन एसट्या बदलत बायकोबरोबर निघाले. तोडीवाल्यांच्या कोप्यांपासून शाळा जवळच होती. तिथल्या गुंजाळ मॅडमनी चौदाही पोरं बसवून घेतली होती, आणि धाकटी भावंडंही शेजारच्या अंगणवाडीत बसवा असं आयांना सांगून तो घोळ मिटवला होता. बाई खिडकीतून बघत होत्या. गुंजाळ मॅडम संस्कृतीच्या पाटीवर वाकून तिला भागाकार समजावत होत्या आणि पोरीला तो समजत होता. बाईंना बरं वाटलं आणि जरा खुपलंही. येताना एसटीत दाऊदभाईंनी विचारलं की तोंड का आंबट केलंयस, सवत बघून आल्यासारखं. बाईंनी त्यांना कोपर मारलं, पण नगर येईपर्यंत त्या खिडकीबाहेरच बघत होत्या.

तपासणी फेब्रुवारीच्या दुसऱ्या मंगळवारी ठरली. सगळं जुळून आलं होतं. आणि आधीच्या शुक्रवारी गुंजाळ मॅडमचा फोन आला. त्या भागातला ऊस संपला होता आणि मुकादमानं गुरुवारी पहाटे तोडीवाल्यांची टोळी हलवली होती. कोप्या मोडल्या, ट्रॅक्टर भरले, पोरं गेली. राहुरीकडं गेली एवढंच लोक सांगत होते. मॅडमना फार वाईट वाटत होतं.

बाईंनी मुक्ताबाईच्या नवऱ्याला फोन लावला, लागला नाही. कडूबाईच्या लेकाचा लागला तर तो उसाच्या फडात होता, सगळी खुशाल हाय एवढं ओरडून त्यानं ठेवून दिला, मग त्याचाही बंद. राहुरीच्या बाजूला मुळा नदीच्या दोन्ही अंगांना नुसता ऊस, त्यात कुठली टोळी कुठं उतरली हे कसं शोधायचं? मंगळवारच्या तपासणीची तयारी शाळेत उरकायची असल्यानं बाईंना हलता येत नव्हतं. सोमवारी दाऊदभाई मोटारसायकल घेऊन गेले, दिवसभर धूळ खात कोप्या धुंडाळल्या आणि तिन्हीसांजेला हात हलवत परत आले. बाईंनी त्यांना जेवायला वाढलं, स्वतः मात्र जेवल्या नाहीत.

मंगळवारी साहेब आले. सतरा पोरांनी जीव तोडून वाचलं. ओमनं तर साहेब पुरे म्हणाले तरी धडा संपवूनच पुस्तक मिटलं. साहेबांनी मग हजेरीपत्रक उघडलं आणि चौदा नावांवर बोट ठेवलं. बाईंनी सांगितलं की कार्डं दिलेली आहेत. पण पोरं आज नेमकी कुठं आहेत हे साहेबांनी विचारलं तेव्हा राहुरीकडं, एवढंच त्या सांगू शकल्या. साहेब तसे बरे होते. ते म्हणाले, "कुठल्याही शाळेत बसली असतील तर कार्डाच्या नंबरावर गुण येतील, बाई. नसतील बसली, तर माझ्या हातात काही नाही."

पुढचा महिना बाईंनी कसा काढला ते दाऊदभाईंना विचारावं. चहात साखरेऐवजी मीठ पडत होतं. हजेरीला "कारखान्याला, बाई" ऐकू आलं की त्यांचं पेन थांबायचं. कुठला कारखाना, हेच तर त्यांना माहीत नव्हतं, आणि टोळीतला एकही फोन लागत नव्हता.

मार्चची परिषद आली. तेच सभागृह, तीच दुसरी रांग. लाल यादी आधी वाचायची पद्धत होती. बाईंनी पर्सचा बंद मुठीत आवळून धरला. पहिली शाळा, दुसरी शाळा, तिसरी. गेल्या वर्षी ज्या तिसऱ्या जागी उंबरदरा होतं तिथं आज दुसरंच नाव आलं. नऊ नावं झाली आणि वाचणाऱ्यानं पान उलटलं. बाईंना वाटलं, दहावं मागच्या पानावर असेल. पण मागच्या पानावर पिवळी यादी होती आणि तिच्यात बाराव्या जागी उंबरदरा वस्ती होती.

बाईंचा कानावर विश्वास बसेना. सुनील सरांनी मोबाईल त्यांच्यापुढं धरला. पटावर एकतीस, तपासणीला बसलेले एकतीस. शून्य एकही नाही. बाई उठून बाहेर गेल्या, नळावर तोंड धुतलं, मग आणखी एकदा धुतलं, कारण डोळ्यांचं पाणी थांबत नव्हतं. छातीवरचं मणभर ओझं कुणीतरी उचलून बाजूला ठेवावं तसं त्यांना हलकं वाटत होतं. येताना त्यांनी दोन किलो पेढे घेतले. पिवळ्या यादीत बारावं आल्याबद्दल पेढे वाटणारी तालुक्यातली ती एकटीच बाई असेल. मच्छिंद्रनं दोन खाल्ले आणि तिसरा ओमसाठी म्हणून घेऊन तोही वाटेत खाल्ला.

पण पोरं बसली कुठं आणि बसवली कुणी, हे कोडं उरलंच होतं. ते सुटलं महिनाअखेरीला, टोळी परत आली तेव्हा. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा भरली आणि संस्कृती सगळ्यांत आधी येऊन बाईंच्या टेबलाशी उभी राहिली. उन्हानं रापलेली, उंचीनं चांगली बोटभर वाढलेली. तिनं कार्ड पुढं केलं. त्यावर संगमनेरच्या शाळेच्या शिक्क्याखाली आणखी एक शिक्का होता, राहुरीकडच्या शाळेचा. तारीख शनिवारची. म्हणजे दाऊदभाई सोमवारी कोप्या धुंडाळत हिंडत होते तेव्हा पोरं केव्हाच वर्गात जाऊन बसलेली होती.

बाईंनी विचारलं की तुम्हाला शाळेत नेलं कुणी. संस्कृती म्हणाली, आईनं. शनिवारी सकाळी आईनं कोयता खाली ठेवला, सगळ्या कोप्यांतून कार्डांच्या पिशव्या गोळा केल्या, चौदाजणांना रांगेत उभं केलं आणि विचारत विचारत शाळा गाठली. फाटकाशी थोडी घुटमळली, मग सरळ आत शिरली. तिथल्या सरांनी कार्डं बघितली आणि म्हणाले, हरकत नाही, नावंच इकडं घेऊन टाकू या.

"मंग आई काय म्हनली?" बाईंनी विचारलं. त्यांचा नेहमीचा आवाज आज खालच्या शेतापर्यंत गेला नसता.

"आई म्हनली, लेकरं बसवा," संस्कृती म्हणाली. "पन नाव उचलू नका. नाव आमच्या बाईंकडं हाय."

बाईंनी कार्ड दोन्ही हातांत धरलं. बाहेर फाटकाशी मुक्ताबाई उभी होती, डोक्यावर पदर, कडेवर धाकटा. बाईंनी तिला हात केला आणि आत बोलावलं. ती आली आणि दाराशी भिंतीला टेकून उभी राहिली. सहा वर्षं कपाटाला कुलूप लावून जे जपलं, ते या बाईनं चार शब्दांत जपलं होतं, हे चांदबी बाईंना त्या क्षणी लख्ख कळलं. काहीतरी बोलावं असं त्यांच्या फार मनात होतं. पण त्यांनी हजेरीपत्रक उघडलं.

एकेक नाव घेत त्या पुढं गेल्या. संस्कृतीचं नाव आलं आणि चार महिन्यांच्या सवयीनं मागच्या रांगेतून ओम खणखणीत ओरडला, "कारखान्याला, बाई."

सगळा वर्ग हसला. दाराशी मुक्ताबाईही पदर तोंडावर धरून हसली. संस्कृतीनं मागं वळून ओमकडं डोळे वटारून बघितलं आणि मग बाईंकडं वळून सांगितलं, "आल्येय मी."

बाईंनी तिचं नाव पुन्हा एकदा घेतलं, आणि या वेळी ते खालच्या शेतापर्यंत ऐकू गेलं.